मोहोर आणि बहार

माझं माहेर रत्नागिरी, सासर नागपूर. एका शहराच्या पायाशी समुद्र, तर दुसऱ्याला कुठलाच समुद्र जवळ नाही. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं. माती लगेच तापते, लगेच निवते. शाळेत पाठ केलेलं हे वाक्य अंगाला कळलं ते लग्नानंतर.

रत्नागिरीत ऋतू एकमेकांत विरघळतात. मे महिन्यात अंग घामानं चिंब होतं, पण दुपारी खारा वारा सुटतो आणि पारा सहसा पस्तिशीच्या आतच राहतो. नागपूरचे ऋतू मात्र दार ठोठावून येतात. मेमध्ये पारा पंचेचाळिशी गाठतो. नवतप्यात दुपारचे रस्ते ओस पडतात आणि कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर दरवळतो. त्याच शहरात डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांखाली उतरतो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या पेटतात.

पाऊसही दोन समुद्रांचा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि रत्नागिरीवर तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी ओततात. जांभा ते पितो, उरलेलं पऱ्ह्यांतून पुन्हा समुद्राकडे धावतं. नागपूरच्या वाट्याला साधारण त्याचा तिसरा हिस्सा येतो, तोही बराचसा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर. उन्हाळ्यात इथल्या काळ्या रानात मी एकदा भेगेत हात घातला, तर मनगट आत गेलं. मृगाच्या सरींनंतर तिथे गेले, तेव्हा भेग मिटली होती. जिथे हात घातला होता, तिथे गवताची दोन पाती उभी होती. मी नकळत वाकले आणि त्या मातीला हात लावून तो कपाळाला टेकवला.

बागवान म्हणतात, "झाडाला ताण दिलाय." मृग बहारासाठी ऐन उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं गळतात. मग पाऊस पडला की तेच झाड पांढऱ्या फुलांनी भरून येतं. माहेरी हापूसला असा चटका सोसावा लागत नाही. पावसाळा सरल्यावर रात्री जरा गार झाल्या, की त्या हलक्या गारव्यानंच कलमं मोहोरतात. एक झाड तहानेनं फुलतं, एक गारव्यानं.

मार्चमध्ये माहेरी जाताना मृग बहाराची शेवटची संत्री पिशवीत असतात. तिथे हापूसची पहिली अढी नुकतीच लागलेली असते. ओटीवर बसून आई संत्रं सोलते. नागपूरचा गेला मे तिच्या बोटांवर सुगंध होऊन उतरतो. माजघरातून आंब्याचा वास येतो. त्यात रत्नागिरीच्या पौषातल्या रात्री असतात.

पहिली फोड आई देवापुढे ठेवते. मी तिच्या शेजारी हात जोडून उभी राहते.