देह काही शाडूचा नव्हे

आमच्या गागोदे बुद्रुकचे नाव चार लोकांना ठाऊक आहे ते विनोबांमुळे. १८९५ साली ते इथे जन्मले. अशा गावच्या मुलीने छाती मोठी करून घेण्याचे मनात आणावे, हे ऐकून काही जणी तोंडाला पदर लावतील. मी लावणार नाही. उभा जन्म परिचारिका म्हणून मुंबईत काढल्यावर देहाची लाज उरत नाही. काळजी मात्र उरते.

त्याचे असे झाले. माझी भाची अंगाने शिडशिडीत. तिला पाहायला मंडळी आली, त्यांतली एक बाई पुटपुटली, "मुलगी अगदीच सपाट हो!" स्थळ मोडले नाही, हिचे मन मोडले. पतपेढीचे कर्ज काढून मुंबईला शस्त्रक्रिया करून घ्यायचे तिने ठरवले आणि मला म्हणाली, "आत्या, तू फक्त सोबत ये. आईला सांगू नकोस."

"येईन," मी म्हटले, "पण आधी ऐक."

सिलिकोनच्या पिशव्या छातीत प्रथम बसवल्या त्या १९६२ साली, अमेरिकेत ह्यूस्टनला. तेव्हापासून सुधारणा पुष्कळ झाल्या; पण शरीराला परकी वस्तू ती परकीच. शरीर तिच्याभोवती आवरण विणते. काही जणींत ते आवळत जाते. छाती घट्ट होते, दुखते, आकार बिघडतो. रक्त साकळते, पू होतो, स्तनाग्राची संवेदना जाते, पुढे बाळाला पाजताना अडचण येऊ शकते. सिलिकोनची पिशवी आत फुटली तरी पुष्कळदा बाहेरून कळत नाही. म्हणून पाच-सहा वर्षांनी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी असे सांगतात. खरखरीत पृष्ठाच्या पिशव्यांभोवती क्वचित एक प्रकारचा कर्करोग होतो. त्यापायी २०१९ साली एका कंपनीला आपला माल जगभरातून परत घ्यावा लागला. फ्रान्समध्ये तर पीआयपी नावाच्या कंपनीने कारखान्यात वापरायचे सिलिकोन बायकांच्या छातीत घातले! २०१० साली ते उघडकीस आले, २०१३ साली मालकाला तुरुंगाची शिक्षा झाली.

"पेणच्या गणपतीसारखे एकदा घडवले, रंगवले, की झाले असे नाही, पोरी," मी म्हटले. "शाडू वळवाल तसा वळतो. देह उलट उत्तर देतो. या पिशव्या जन्माच्या सोबती नव्हेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली सांगितले, की शंभरातल्या वीसपर्यंत बायकांना आठ-दहा वर्षांत त्या काढाव्या लागतात. तू कर्ज एका शस्त्रक्रियेचे धरलेस. दुसरीचे कुठून आणशील?"

ती उसळून म्हणाली, "मग करून सुखी झालेल्या बायका नाहीतच का?"

आहेत की! कर्करोगाने स्तन गमावलेल्या कितीतरी जणींना याच पिशव्यांनी पुन्हा आरशासमोर उभे केले आहे. स्वतःच्या हौसेने, सगळे समजून करणारीलाही मी नावे ठेवणार नाही. पण डॉक्टरांची पात्रता काय, पिशवी कोणती, ती बिघडली तर काढणार कोण आणि खर्च कोणाचा, हे आधी विचारावे. आणि स्वतःला विचारावे, की हे मला हवे आहे, की त्या पुटपुटणाऱ्या बाईला?

भाची बराच वेळ गप्प होती. शस्त्रक्रियेचे अजून ठरलेले नाही. पण कर्जाचा अर्ज तिने परत घेतला, आईला सारे सांगितले, आणि त्या मुलालाही एकटे गाठून सरळ विचारले. तो काय म्हणाला, ते तिने मला सांगितलेले नाही. मीही विचारले नाही.