मुनवे

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या काठाला डिसेंबरात पहाटेची थंडी झोंबते. पारा १० अंशांच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पोंग्यातलं पान उलगडत नाही, जुनी पानं पिवळी पडतात. अर्धापूरकडचे बागायतदार रात्री विहिरीचं कोमट पाणी सोडतात, बांधावर धूर करतात. परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीला एवढे लाड कुठले! आज बुंध्याशी पाचोळा लोटला, घडाला गोणपाट गुंडाळलं. झालं.

पानं गेली तरी जमिनीतला कंद सहसा तगतो. ‘मुसा बसजू’ ही जात तर इंग्लंडातल्या बागांत पेंढ्यात गुंडाळून हिवाळा काढते. सत्यनारायणाच्या चौरंगाला तिचे खुंट चालतील, प्रसादाला केळं मात्र मिळायचं नाही. फळ खाण्याजोगं नसतं.

शेजारच्या मावशी केळीच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा मागायला आल्या. "आत्ता थंडीत नको मावशी, जूनला न्या." त्यांनी रुंद पानांचा, टवटवीत दिसणारा हेरून ठेवलाय, सगळे तोच मागतात. मी देणार तलवारीसारख्या अरुंद पानांचा. त्याचा कंद भरीव, झाड जोमदार येतं. मावशींना पटायचं नाही. बदल्यात हळदीचं बेणं देते म्हणाल्यात.