हवा कोठून घ्यावी

मोटारीला इंजिनाला हवा पुरविणारा बाजारातला नवा इनटेक बसवून घेण्यासाठी जे हौशी गृहस्थ माझ्या गॅरेजात येतात, त्यांची पहिली पृच्छा बहुधा गाळणीच्या कापडाविषयी, दुसरी नळीच्या चकाकीविषयी आणि तिसरी, किंचित संकोचाने केलेली, आवाजाविषयी असते. परंतु ही नळी हवा नेमकी कोठून घेणार, हा ज्या प्रश्नावर साऱ्या व्यवहाराचा निकाल अवलंबून आहे, तो क्वचितच कोणी विचारतो.

इंजिनाचा हिशेब वजनाचा आहे, आकारमानाचा नव्हे. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, आणि तापलेली हवा विरळ होत असल्यामुळे ३० अंश सेल्सिअसऐवजी ६० अंशांची हवा घेतली, तर प्रत्येक घोटागणिक जवळजवळ ९ टक्के वजन हातचे जाते. गाळणीच्या ज्या मूळच्या काळ्या, ओबडधोबड प्लॅस्टिकच्या डब्याची गिऱ्हाईक मंडळी हेटाळणी करतात, तो बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीजवळून किंवा हेडलाइटमागून बाहेरची थंड हवाच ओढत असतो, आणि त्याला जोडलेल्या निरुपयोगी भासणाऱ्या पोकळ्या आवाज शमविण्यासाठी मुद्दाम योजलेल्या असतात. तो काढून बॉनेटखाली गाळणीचा उघडा शंकू बसविला की रेडिएटरमागची ऊन हवा आत जाते, गर्जना वाढते, आणि चालक त्या गर्जनेलाच वेग समजून प्रसन्न होतो. शिवाय शहरातल्या रहदारीत थ्रॉटलची झडपच जेथे अर्धवट मिटलेली, तेथे गाळणीचा अडथळा कमी करून काय साधणार?

नळी बंपरमागे खाली उतरविली तर हवा थंड मिळते खरी, पण पाण्याशी गाठ पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे ज्याला आठवते त्या मुंबईकराला ही तजवीज सुचविण्याचे धैर्य मला होत नाही. कारण सिलिंडरात शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

तेलात भिजविलेली सुती गाळणी धुऊन पुन्हा वापरता येते. मात्र तेल अधिक झाल्यास ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसते, आणि मग कॉम्प्युटरकडे खोटा दाखला रुजू होतो. धुळीच्या मुलखात हिंडणाऱ्यास मी चांगल्या कागदी गाळणीचीच शिफारस करतो, आणि मूळ डब्याचे रबर व क्लिपा घट्ट बसतात की नाही, हे पाहण्यात अधिक वेळ घालवितो.

इतके ऐकूनही ज्याचा हट्ट सुटत नाही, त्याला बॉनेटला टेकेल असा पत्र्याचा आडोसा करून शंकू बसवून देतो, आणि पावतीवर ‘आवाजासाठी’ असे स्वच्छ अक्षरांत लिहितो.