मोटारीची पाठवणी

आमच्या घरांतून आजवर तीन मुलींची पाठवणी झाली. परंतु गेल्या मार्गशीर्षांत एका नऊ वर्षांच्या मोटारीच्या पाठवणीस मला जी यातायात पडली ती त्यांपैकीं एकीच्याहि वेळीं पडली नव्हती. वाचकांस ही अतिशयोक्ति वाटेल, पण त्यांनीं थोडा धीर धरावा.

मोटार माझ्या धाकट्या बंधूची. तो दोन वर्षांपूर्वीं गेला. तेव्हांपासून ती अंगणांत उभी होती. भावजय दर रविवारीं तिची धूळ पुसवून घेई, आणि आमचे चिरंजीव पांच मिनिटें इंजिन चालू ठेवून पुन्हां बंद करीत. पुतणी कोलकात्यास नोकरीस असते. तिनें एकदां भीत भीत विचारलें, "अण्णाकाका, बाबांची गाडी मला इकडे आणतां येईल का?" बाजारांत त्या मोटारीचे पावणेदोन लाख येत होते. ती विकून पुतणीनें तिकडेच दुसरी घ्यावी, हा व्यवहार मला कळत नव्हता असें नाहीं. पण भावजयीच्या चेहऱ्याकडे पाहून मीं तो बोलून दाखविला नाहीं. खर्च मात्र बेताचा हवा होता, आणि तो बेत पाहण्याचें काम, घरांतील निवृत्त मास्तर म्हणून, माझ्याकडे आलें.

पुण्याहून कोलकाता सुमारें २,००० किलोमीटर. चिरंजीव म्हणाले, "मीच चालवीत नेतों." मीं कागद घेऊन त्रैराशिक मांडलें. लिटरमागें १६ किलोमीटर धरले तर १२५ लिटर पेट्रोल, म्हणजे १३,००० रुपये. त्यावर टोल, तीन रात्रींचा मुक्काम, परतीचें तिकीट. शिवाय एकट्यास जाऊं देण्यास घरांतून सक्त विरोध, म्हणून सोबतीस पगारी ड्रायव्हर. आंकडा २८,००० च्या पुढें गेला आणि तो विचार तेथेंच राहिला.

मग आगगाडी. स्टेशनावर चौकशी केली तेव्हां कळलें कीं दुचाकी पार्सलानें खुशाल जाते, मोटारीचें तसें नाहीं. कारखान्यांतील नव्या मोटारी रेल्वेनें जातात, पण आख्खी मालगाडी भरून. त्यांच्यासाठीं जुने प्रवासी डबे आंतून मोकळे करून मालडबे बनविलेले असतात. एकट्यादुकट्या मोटारीस त्यांत थारा नाहीं. कोकण रेल्वेनें भरलेले ट्रक सपाट डब्यांवर चढवून नेण्याची सोय १९९९ सालीं सुरू केली, आणि २०२५ च्या गणेशोत्सवांत तशीच सोय खाजगी मोटारींसाठीं कोलाड ते वेर्णे अशी केली. एका खेपेस ४० मोटारी, भाडें ७,८७५ रुपये. संध्याकाळीं कोलाडास चढविलेली मोटार पहांटे गोव्यांत, आणि मालकानें त्याच गाडीच्या डब्यांत बसून जावें. हें वाचून माझ्या तोंडास पाणी सुटलें. परंतु पुतणी कोलकात्यास, गोव्यास नव्हे!

राहिला ट्रक. मोटारी वाहून नेणाऱ्या लांबलचक बंद गाड्या आपण हमरस्त्यावर पाहिल्या असतील. पोटांत दोन मजले आणि त्यांत सहा-आठ मोटारी. हें धूड भरल्याखेरीज सहसा हलत नाहीं. म्हणून ज्यास घाई नाहीं त्यास भाडें कमी पडतें. तें पेठेंतहि शिरत नाहीं. एक तर त्यांचा माणूस दारीं येऊन मोटार शहराबाहेरच्या आवारांत नेतो, किंवा आपणच ती तेथें पोंचवावी व तेवढे पैसे वांचवावे.

तीन ठिकाणीं भाव विचारला. एकानें ३१,००० सांगितले, दुसऱ्यानें २६,५००, तिसऱ्यानें १७,०००. तिसऱ्याशीं बोलून फोन खालीं ठेवला तेव्हां मी इतका प्रसन्न होतों कीं कुटुंबास हांक मारून चहा मागितला. तिनें एवढेंच विचारलें, "बाकीचे दोघे मूर्ख आहेत का?" ह्या प्रश्नास मीं उत्तर दिलें नाहीं.

५,००० रुपये आगाऊ पाठविले. रात्रीं दहा वाजतां दोघे आले, एका चिठोऱ्यावर माझी सही घेतली आणि मोटार घेऊन गेले. पावती मागितली तर "उद्यां पाठवितों" म्हणाले. जन्मभर मुलांकडून ‘सही करण्यापूर्वीं वाचा’ असें घोकवून घेणाऱ्या मास्तरानें हें केलें! तिसऱ्या दिवशीं फोन आला: चढाई-उतराई, विमा व सरहद्दीचा कर मिळून आणखी ९,००० पाठवा, त्याशिवाय गाडी निघणार नाहीं. गाडी कोठें आहे हें मात्र सांगेनात. आठ दिवस मला झोंप नव्हती. भावजय रोज जेवतांना विचारी, "दादा, नागपूर ओलांडलें असेल ना?" मी ताटाकडे पाहून हुंकार भरीं.

अखेर चिरंजीवांनीं खटपट करून चाकणच्या बाजूचें तें आवार शोधून काढलें. मोटार उघड्यावर धुळींत उभी. जातांना मीं अंतराचा आंकडा टिपून ठेविला होता, ६१,२४०. तेथें पाहतों तों ६१,३९१. मागच्या बैठकीवर बंधूची छत्री तशीच होती. जागाभाडें म्हणून ४,००० मोजून आम्हीं मोटार घरीं न आणतां परस्पर मित्राच्या वाड्यांत ठेविली.

दुसऱ्या खेपेस २६,५०० वाल्याकडे गेलों. २००७ च्या कायद्याप्रमाणें असा धंदा करणाऱ्यास नोंदणी लागते, आणि माल ताब्यांत घेतांना पावती, म्हणजे आपली बिल्टी, द्यावी लागते; मालाची किंमत अधिक सांगून जादा दर भरला नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दसपटीपुरतीच, हेंहि मीं आतां वाचलें होतें. मोटारीच्या पूर्ण विम्यांत रस्ता, रेल्वे वा जलमार्गानें वाहून नेतांना होणारें नुकसान धरलेलें असतें. पण गाडी उभीच म्हणून आम्हीं केवळ तृतीय पक्षाचा विमा चालू ठेविला होता. तेव्हां वाहतुकीचा निराळा विमा घेतला. भाड्यांत सर्व कांहीं आलें असें लिहून घेतलें. प्रत्येक ओरखडा फोटोंत व कागदावर नोंदविला, टाकींत दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेविलें, छत्री काढून घेतली. बंधूच्या नांवची मोटार नमुना ३१ भरून पुतणीच्या नांवें आधींच केली होती. बंगालमध्यें बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर तिकडे नवा क्रमांक घ्यावा लागतो, म्हणून आरटीओचें ना-हरकत पत्रहि काढलें. अकराव्या दिवशीं मोटार पोंचली. ओरखडे मोजून तितकेच.

५,००० बुडाले, ४,००० जागाभाड्याचे, वर २६,५००; एकूण ३५,५००. म्हणजे सर्वांत महाग सांगणाऱ्याहूनहि ४,५०० अधिक. ही बेरीज मीं कुटुंबास दाखविली, तिनें पुन्हां तो प्रश्न विचारला नाहीं, हे तिचे उपकार.

भावजयीस मात्र खर्च २६,५०० सांगितला आहे, आणि ट्रक वाटेंत नादुरुस्त होऊन आठ दिवस खोळंबला अशी तिची समजूत आहे. छत्री माझ्या कपाटांत आहे. हें मासिक आमच्या घरीं टपालानें येतें, आणि सर्वांच्या आधीं तीच उघडते.