दीड लिटर पाणी

लालबागच्या चाळीतल्या एक आजी परळला माझ्याकडे सीटी स्कॅनला आल्या, तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन साडेसहा होतं. वर्षभर लोहाच्या गोळ्या, दोनदा रक्त चढवलेलं. तोंडातून दुर्बीण झाली, खालूनही झाली, दोन्ही स्वच्छ. वरची दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीलाच थांबते, खालची त्याच्या टोकाशी जेमतेम डोकावते. मधलं जवळपास सहा मीटर आतडं अंधारातच राहतं.

आजींनी पिशवीतून जुना स्कॅन काढला. अहवालात दोष नव्हता, पण चित्रांत आतडी मिटलेली होती. मिटलेल्या घड्यांत दोन सेंटिमीटरची गाठ सहज लपते. म्हणून एंटेरोग्राफीत, म्हणजे लहान आतड्यासाठीच्या खास स्कॅनमध्ये, मॅनिटॉल घातलेलं दीड लिटर पाणी पाऊण तासात, घोटाघोटानं प्यायचं. मॅनिटॉल पाणी शोषू देत नाही, आतडं फुगतं, आणि शिरेतून दिलेल्या औषधानं त्याची भिंत करड्या पाण्यावर उजळून उठते.

तिसऱ्या ग्लासाला आजी म्हणाल्या, "पुरे हो डॉक्टर, मळमळतंय." मी स्टूल ओढून शेजारी बसले, त्यांच्या भजनी मंडळाचा विषय काढला. माझ्या मते या तपासणीचं निम्मं यश त्या ग्लासात असतं. उरलेले दोन ग्लास गप्पांत गेले.

स्कॅनमध्ये जेजुनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या, भिंतीतून बाहेर वाढलेली, झळाळणारी गाठ दिसली. गिस्ट, म्हणजे आतड्याच्या भिंतीतच उगवणारी गाठ, असावी. आपल्याकडे आतड्याची भिंत जाड दिसली की आधी क्षयाची शंका येते आणि ती यायलाच हवी. लिम्फोमा हा कर्करोगही तसाच दिसतो, तिथे तुकडा काढल्याशिवाय मी नाव घेत नाही. ही मात्र भिंतीची जाडी नव्हती, बाहेर वाढलेली वेगळी गाठ होती.

गिळायची कॅमेऱ्याची कॅप्सूल का नको, असं आजींच्या मुलानं विचारलं. २६ मिलिमीटरची ती गोळी पन्नास हजारांवर छायाचित्रं काढते, पण बाहेर वाढलेल्या गाठीवरून नुसती सरकून जाऊ शकते, आणि अरुंद जागी अडकते. त्याऐवजी जपानच्या यामामोतो यांनी रूढ केलेली दोन फुग्यांची दुर्बीण ठरली. आतडं गोळा करत ती गाठीपर्यंत गेली आणि सर्जनसाठी शाईची खूण करून आली.

शस्त्रक्रियेनंतर आतड्याचा तो तुकडा उघडला, तेव्हा मी मुद्दाम गेले होते. गाठीच्या माथ्यावर तुरीच्या डाळीएवढा व्रण होता. वर्षभराचं रक्त तिथून गेलं होतं.