जुन्या जीपला बोलेरोची डिस्क

पावसाळ्यात कारंजा-मानोरा रस्त्यावर इंझोरीजवळ ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती डांबरावर आणून पसरलेली असते. त्या निसरड्यावरून एखादी जुनी महिंद्रा कमांडर जीप येते. आत दाटीवाटीने माणसं, मांडीवर पोरं, टपावर पोती. मला तिच्या इंजिनाचं काही वाटत नाही. ही थांबेल कशी, एवढंच मनात येतं.

आपल्याकडे कौतुक सगळं पळण्याचं. चढावर जीप कशी उचलते हे चारजण रंगवून सांगतील, ब्रेकचं नाव कुणी काढत नाही. या जिपांच्या चारही चाकांना ड्रम. ओढ्यातून गाडी काढली की लायनर ओले होतात आणि पुढचे एक-दोन ब्रेक वाया जातात. लांब उतारावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून दूर सरतो; पॅडल खाली खाली जातं.

म्हणून जाणते मालक पुढच्या चाकांना बोलेरोची डिस्क बसवून घेतात. बोलेरो २००० साली आली, घराणं महिंद्राचंच. सुटे भाग सहज मिळतात. उघडी डिस्क फिरता फिरता पाणी झटकते, वाऱ्यावर निवते.

नुसती डिस्क आणून मात्र भागत नाही. ड्रममध्ये फिरतं चाकच लायनरला ओढून घेतं, पायाचं बळ वाढवतं. डिस्कला ही मदत नाही, म्हणून बुस्टर हवा. बुस्टरला लागतो व्हॅक्यूम. डिझेल इंजिन तो पुरेसा देत नाही, म्हणून अल्टरनेटरच्या पाठीला पंप. कॅलिपरचा मोठा पिस्टन जास्त ऑइल मागतो, जुना मास्टर सिलिंडर तोकडा पडतो. ड्रमसाठी नळीत दाब धरून ठेवणारा वॉल्व्ह तसाच राहिला, तर पॅड घासत राहतात आणि हबला हात लावता येत नाही. बदलाआधी आरटीओत विचारलेलं बरं. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याचसाठी आहे.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय काही ड्रायव्हरांना असते. बुस्टरच्या गाडीत ती जिवावर बेतते. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॅडल दगड होतं.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. पोरगं सीटवर, मिस्त्री चाकाशी. "दाब... धर... सोड." पारदर्शक नळीतून बुडबुडे येत राहतात, मग नुसतं ऑइल. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर चाचणी. मिस्त्री वाकून टायरचे वळ पाहतो : पुढची चाकं आधी जाम व्हायला हवीत. मागची आधी झाली, तर गाडीचा मागचा भाग गर्रकन फिरतो. वळ मनासारखे दिसले की तो हात पुसत ड्रायव्हरकडे वळतो, "भाऊ, आता पाय नुसता ठेवाचा, जोर नोको लावू. अन् उतारावर इंजिन बंद केलं तं गाडी माह्याकडं आणू नोको."