मुंबई ते लंडन, कडा-आष्टी मार्गे

थोरली बहीण लंडनला असते. आईला तिच्याकडे न्यायचं ठरलं, तेव्हा आईनं विचारलं, "किती लांब हाय रं?" मुंबईहून सरळ रेघ ओढली तर ७,२०० किलोमीटर, मी सांगितलं. तिनं लगेच पुढचं विचारलं, "आन् मुंबई?"

आमच्यासाठी खरा प्रश्न तोच होता. आमच्या जामखेडला रेल्वे नाही. आष्टी, कडा, नगर, सुपा, शिरूर, पुणे आणि मग घाट उतरून मुंबई. साडेतीनशेच्या घरातलं अंतर, पण चहापाणी धरून आठ तास गेले. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचावं लागतं, म्हणजे विमानाचं चाक हलायच्या आधीच अकरा तास संपले. पुढचे ७,२०० किलोमीटर जेमतेम दहा तासांचे.

ते दहा तासही सरळ रेघेचे नव्हते. एप्रिल २०२५ पासून आपल्या विमान कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, त्यामुळे विमान अरबी समुद्रावरून वळून गेलं. शिवाय जानेवारी होता. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा मोठा झोत वाहतो आणि हिवाळ्यात त्याला जास्तच जोर असतो. समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा दिसत होता: ताशी ७८०, मग ७६०. नकाशावरचं इवलंसं विमान जागचं हलेना. आई चष्मा पुसून पुन्हा बघायची. "आरं, हे चाललंय का उभंय?" मी वाऱ्याचं सांगितलं, तर म्हणाली, "मंग सायकलवानीच की. वारं तोंडावर आलं की दम निघतोय."

परतीला तोच आकडा हजाराच्या वर गेला. अंतर तेवढंच, पण विमान साडेआठ तासांतच मुंबईत. आईला याचं फार अप्रूप वाटलं. शेजारच्या बाईंना तिनं ते मराठीतूनच समजावून सांगितलं.

शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला, तो जामखेडहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथून दिल्ली, हैदराबादला जाता येतं आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण परदेशातलं माणूस घाईनं घरी यायचं असेल, तर आमची वाट अजून मुंबईवरूनच जाते. गेल्या वर्षी वडील दवाखान्यात होते, तेव्हा बहीण लंडनहून निघाली. विमान वेळेवर उतरलं, तरी दवाखान्याच्या दारात पोहोचायला तिला तिथून आणखी नऊ तास लागले. वडील शुद्धीवर होते, तिच्याशी बोलले. तरी ते नऊ तास मला आजही बोचतात. आकाशातला वारा कुणाच्या हातात नसतो. कडा-आष्टीचा रस्ता आणि आमच्या गावची रेल्वे मात्र माणसांच्या हातात आहे, आणि ती मागणी मी जिथं संधी मिळेल तिथं करत राहणार आहे.